पाइनशेजारचं थडगं

मी लोकांच्या थडग्यांवरचं गवत कापतो. धंदाच तो.

पूर्वी शहरात गेलेली माणसं चुसोकच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, पौर्णिमेआधी गावी यायची. विळे घेऊन डोंगर चढायची, आपापल्या बापजाद्यांच्या मातीच्या उंचवट्यावरचं गवत कापायची, खायची, प्यायची, जमिनीवरनं भांडायची आणि परत जायची. आता कोण येतंय. मला फोन करतात. मी ग्रास कटर पाठीला अडकवून चढतो, गवत उतरवतो, पेलाभर सोजू दारू ओततो, त्यांच्या वतीनं दोनदा डोकं टेकतो आणि व्हिडिओ पाठवून देतो. कोरियाच्या दक्षिण टोकाला, हेनामच्या आमच्या बाजूला चाळिशीच्या आतलं कोण म्हणाल तर मी आणि कांद्याच्या शेतावरची व्हिएतनामी पोरं. त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीची पितरं माझ्या अंगावर.

डोकं टेकताना मनात काही येत नाही. ओळख ना पाळख, काय येणार.

माझी आई गेली तेव्हा मी सोलजवळ एका गोदामात खोकी उचलत होतो. तिची राख सरकारी बागेत ओतली, सगळ्यांची एकत्र ओततात तिथं. तेव्हा तेवढंच जमलं. म्हणजे माझं स्वतःचं असं कापायला गवत नाही.

तर सुनिम आजी.

सुनिम आजी इंचनला चौदाव्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा सांगजिन ऑस्ट्रेलियात. गुडघे गेल्यापासून त्यांना नवऱ्याच्या थडग्यावर येता येईना, म्हणून कुणाकडून तरी माझा नंबर घेतला. पहिल्या वेळी मी व्हिडिओ पाठवला तर लगेच फोन.

"हे काय पाठवलंस?"

"व्हिडिओ आहे आजी. गवत कापलं ते दाखवलं."

"गवत मी आयुष्यभर बघितलंय. तू असं कर, तिथं गेलास की मला फोन लाव आणि फोन त्याच्यासमोर ठेव. मी बोलते."

मग तेच सुरू झालं. डोंगर माझ्या वाटेवरच, महिन्यातून एकदा जायचो. फोन एका दगडाला टेकवून उभा करायचा, आवाज मोठा करायचा आणि मी पलीकडे पाइनच्या झाडाखाली जाऊन सिगरेट ओढायची. ऐकायचं नाही असं ठरवलेलं, पण डोंगरावर दुसरा आवाजच नसतो. आजी त्याला सांगायच्या, लिफ्ट दोन दिवस बंद होती. खालच्या मजल्यावरचीनं कुत्र्याला बाबागाडीत घातलंय, आणि लोक वाकून वाकून त्याला बघतात. सांगजिनचा फोन आला, नातू आता फक्त इंग्रजीत बोलतो, मी त्याला म्हटलं जेवलास का, तो हसला नुसता. कोबी महागला. मग बराच वेळ काही नाही. मग, "झोपलास काय रे?"

सहा वर्षं हे चाललं. मी कधी कधी सिगरेट संपली तरी तिथंच बसून राहायचो.

गेल्या वर्षी तो डोंगर विकला गेला. डोंगर ज्या घराण्याचा, त्यात उरलेला एक म्हातारा होता, त्यानं सोलर पॅनलवाल्या कंपनीला देऊन टाकला. कंपनीनं प्रत्येक थडग्याजवळ एक एक पाटी रोवली. कुणाचं असेल त्यानं येऊन घेऊन जावं, नाहीतर आम्ही काढू आणि बेवारस म्हणून ठेवू, असं सभ्य भाषेत.

मी आजींना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मी त्याला इकडे आणते."

इंचनला अस्थिघर आहे. मोठी चकचकीत इमारत, भिंतीत काचेचे कप्पे. आजींनी तिथं दोघांचा कप्पा घेतला. एकटीचा घेतला असता तरी चाललं असतं, मुलगा तसं म्हणालाही होता. पण आजी म्हणाल्या, "चौदाव्या मजल्यावर एकटी, आणि मेल्यावर भिंतीत पण एकटी? नको रे. डावीउजवीकडे कोण कुठले लोक असणार. आपलं एक माणूस पाहिजे. माझं सगळं माहीत असलेलं."

यंदा अधिक महिना होता. अधिक महिन्यात थडगी उकरायची, ही आमच्याकडची रीत. या महिन्यात भुतंखेतं सुट्टीवर असतात म्हणे, काहीही हलवलं तरी कुणी हिशोब मागत नाही. त्यामुळे अख्खा देश एकाच महिन्यात उकरायला निघतो, आणि निघालेल्या हाडांच्या दहनाची वेळ मिळता मिळत नाही. गाणाऱ्या पोरांच्या कार्यक्रमाची तिकिटं जातात तशा वेळा जातात. मी फोनवर बोट ठेवून बसलो आणि एक मिळवली. महिना संपायच्या आदल्या दिवसाची, सकाळची. म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी उकरायचं. पुढं सरकवायला जागाच नाही.

आजी पहिल्या बसनं आल्या. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात पिशवी, पिशवीत सुकवलेला मासा, तांदळाचे लाडू, तांदळाच्या दारूची बाटली आणि तागाचं नवं पांढरं कापड. फोनवरचा आवाज ऐकून मला वाटायचं बाई भरदार असतील. चिमणीएवढ्या होत्या.

"तू हान्सोल?"

"हो आजी."

"फोटोत बरा दिसतोस. जेवतोस का नाही?"

माझ्या टेम्पोत बसल्या आणि खिडकीला नाक लावलं. शाळा होती तिथं आता तंबू ठोकून राहायला देतात. लग्नाचा हॉल होता तो म्हाताऱ्यांचं इस्पितळ झालाय, फाटकावर दोन हंस अजून तसेच आहेत, चोचीला चोच लावून. त्याच्या मागच्याच गल्लीत माझी खोली.

"तुझं लग्न?"

"मुली कुठं आहेत आजी इथं?"

"आमच्याकडं ढिगानं आहेत. त्या म्हणतात मुलगे कुठं आहेत." मग, "खरं तर दोन्ही आहेत. एकमेकांना भेटत नाहीत एवढंच."

डोंगर दिसला तशा त्या पुढं वाकल्या.

"केवढी झाडं झाली रे. मी लग्न होऊन आले तेव्हा हा बोडका होता. सगळी झाडं चुलीत गेलेली. सरकारनं रोपं लावली होती, गुडघ्याएवढी. त्यांच्या वर एकच पाइन दिसायचा, इथनं, रस्त्यावरनं. त्याच्याशेजारी पुरलं त्याला."

"तुम्ही वर होता तेव्हा?"

"छे. मला आठवा महिना. पोटुशी बाई डोंगरावर गेली तर पोटातल्याला मेलेल्याचं वारं लागतं. सासूनं या इथं उभं केलं. ही गटार नव्हती तेव्हा. इथनं बघितलं. पांढरे कपडे घातलेली माणसं पाइनशेजारी माती तुडवत होती, मुंग्या दिसाव्यात तशी. तेवढंच माझं बघणं."

नवरा, दुसिक नाव त्याचं, इंचनच्या गोदीत होता. क्रेनचा दोर तुटला. अठ्ठावीस वर्षांचा. बाळंतपणाला आजी परत इंचनला गेल्या, मग शिवणकामाच्या कारखान्यात लागल्या. तीन वर्षांनी सांगजिन नीट चालायला लागल्यावर त्याला घेऊन पहिल्यांदा डोंगर चढल्या. दीर तोवर उल्सानला मोटारींच्या कारखान्यात गेला होता, सासू वारली होती. दाखवायला कोणी नव्हतं.

"पण पाइन होता ना," आजी म्हणाल्या. "त्याच्याशेजारी उंचवटा. झालं."

वर चढताना मी त्यांना पाठुंगळी घेतलं.

"जड होतेय का?"

"कटरपेक्षा हलक्या आहात."

"कटरला जीभ नसते. हळू चाल, दात हलतायत माझे."

वर प्यो मुकादम आधीच येऊन बसला होता. थडगी उकरण्यातलं सगळ्या जिल्ह्यात हेच नाव. कंपनीनंही त्यालाच घेतलंय. त्याच्याबरोबर छोटं पोकलेन चालवणारा एक माणूस. मुकादम टिकल्यांसारख्या बारीक डोळ्यांनी बघतो आणि तोंड कधी बंद नसतं.

"या वहिनी, या. नवरोबा वाट बघून कंटाळले."

"त्याला सवय आहे," आजी म्हणाल्या. "मी नेहमीच उशिरा."

आजींनी मासा मांडला, लाडू मांडले, दारू ओतली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून मी डोकं टेकलं आणि त्या शेजारी उभं राहून नुसत्या वाकल्या. मग म्हणाल्या, "घरी जायचंय. घाबरू नको. आवाज होईल थोडा."

मुकादमानं कुदळीनं उंचवट्याच्या कडेला मारलं आणि ओरडला, "थडगं उघडतोय हो." असं तीनदा. मेलेला दचकू नये म्हणून. मग पोकलेननं वरची माती काढली, खालची हातानं. आजी दगडावर बसून बघत होत्या. ज्या दगडाला मी फोन टेकवायचो त्याच.

"कसा दिसायचा?" मुकादम खालून म्हणाला. बोलायचं म्हणून.

"बारीक. पायात लोखंडी पट्टी होती. गोदीतच आधी एकदा पाय मोडलेला, तेव्हा घातली. पावसाआधी दुखायचा. मी त्याला हवामान खातं म्हणायचे."

"मग सोपंय. पट्टी सापडली की नवरोबा सापडले."

थोड्या वेळानं मुकादमाचं तोंड बंद झालं.

मी खड्ड्याच्या कडेला गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला. काळी माती, पिवळट हाडं, बारीक. डोक्याजवळ एक चांदीची काडी. अंबाड्यात खोवतात ती, टोकाला कळी असलेली. काळी पडलेली, पण चांदीच. आणि पायात काहीच नाही.

"हान्सोल्या," मुकादम हळूच म्हणाला, "ही बाई आहे. आणि म्हातारी बाई आहे. आणि त्यांच्या नवऱ्याच्या आधीची आहे, बरीच."

"काय झालं?" आजींनी विचारलं.

 मग त्या स्वतः उठल्या, माझा दंड धरून कडेला आल्या आणि वाकून बघितलं. काडी बघितली. मला वाटलं खाली बसतील. नाही बसल्या. माझा दंड मात्र एवढा दाबला की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली.

"ही कोण?"

"माहीत नाही वहिनी. दगड नाही, नाव नाही. जुन्या काळी बायकांचं कोण लिहितंय."

"मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलले?"

मुकादम टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग खड्ड्यातनं वर आला आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे बघा वहिनी. कागदावर नाव तुमच्या नवऱ्याचं आहे. जागा हीच लिहिली आहे. उद्याची वेळ मिळाली आहे, महिना संपतोय. मी पेटीत घालतो. राख झाली की राख. ती काही बोलणार नाही, मी बोलणार नाही, हान्सोल्या तसाही बोलत नाही."

आजी त्या काडीकडे बघत राहिल्या. खूप वेळ. मला खरं सांगायचं तर वाटलं, हो म्हणतील. मी असतो तर म्हटलं असतं. मला तेव्हा ती काडीवाली बाई जास्त ओळखीची वाटत होती. सहा वर्षं मीही तिच्यासमोर डोकं टेकलं होतं.

"आणि तो?" आजी म्हणाल्या.

"ते असतील इथंच कुठंतरी. झाडी साफ केली की निघतील. बेवारस खोलीत ठेवतात."

"बायको जिवंत असताना बेवारस?"

मुकादमानं टोपी परत घातली.

"शोधा," आजी म्हणाल्या.

शोधायचं म्हणजे काय तर पालापाचोळ्यात पाय घासत हिंडायचं. चाळीस वर्षांत उंचवटे बसतात, पावसानं वाहतात, वर झाडं उगवतात. घामानं अंग चिकट, रातकिड्यांची किरकिर, एका ठिकाणी गांधीलमाश्या उठल्या आणि पोकलेनवाला पळत खाली गेला तो जेवूनच आला. आजी दगडावर बसून होत्या. त्यांनी तागाच्या कापडाची एक कड धरली होती आणि त्यातला दोरा ओढत होत्या.

बऱ्याच वर, वेलींच्या जाळीत, माझा पाय ठेचकाळला. दगड वाटला. बघितलं तर खोड. बाहेरचं सगळं कुजून गेलेलं, आतला राळेचा गाभा मात्र लालभडक, शिंगासारखा कडक. पाइनचाच. मी मुकादमाला हाक मारली, आजींची हकीकत सांगितली. त्यानं वास घेतला, खालच्या पाइनकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"दोन होते," तो म्हणाला. "खालनं बघितलं की एकामागं दुसरा झाकत असणार. म्हणून एकच दिसला. मग ते मोठं वादळ झालं ना, त्यात हा पडला. त्या तीन वर्षांनी आल्या तर उभा होता तो खालचा."

खोडापासून हातभर अंतरावर जमीन जरा फुगलेली होती. सांगितल्याशिवाय कळणार नाही इतकीच. आणि तिच्या बरोब्बर मधून एक ओक उगवलेला. माझ्या कवेत जेमतेम मावेल एवढा.

मी आजींना परत पाठीवर घेऊन वर आणलं. त्यांना ओकाजवळ उभं केलं आणि सवयीनं मी आणि मुकादम बाजूला झालो. सिगरेट पेटवली.

आजी काही बोलेनात.

मग एकदा, "मी सुनिम."

मग परत काही नाही. वारा पण नव्हता. मग म्हणाल्या, "सांगजिनची आई." आणि थांबल्या. मागं वळून माझ्याकडे बघितलं. घरात शिरल्यावर चुकून दुसऱ्याच्याच घरात आल्यासारखा चेहरा.

"हान्सोल, याला सांगजिन माहीतच नाही रे. नाव नंतर ठेवलं."

मी सिगरेट विझवली.

"कापा झाड," त्या म्हणाल्या.

ओक कापायला दुपार गेली. मुळं सगळीकडे घुसली होती. मुकादम खड्ड्यात पालथा पडून बोटांनी माती काढत होता, एकही विनोद न करता. फार काही मिळालं नाही. थोडी हाडं, तीसुद्धा मुळांत अडकलेली, एकेक सोडवून काढलेली. आणि लोखंडी पट्टी. गंजून सुरळी झालेली, पण तिचे स्क्रू दिसत होते. आजींनी ती हातात घेतली आणि अंगठ्यानं चोळली.

"उद्या पाऊस आहे का विचारा त्याला," मुकादम म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं असावं की आपण हे बोलायला नको होतं. पण आजी हसल्या. थोड्याशा.

हाडं पेटीत ठेवली. कापड घालायला मी हात पुढं केला तर आजींनी कापड दिलं नाही.

"खाली चल," म्हणाल्या.

पाइनशेजारचा खड्डा उघडाच होता. त्या बाईला परत झाकायची होती. कंपनी काढेल तेव्हा काढेल, आज आम्हाला हक्क नव्हता. आजी कडेला बसल्या, पाय खड्ड्यात सोडून. नवऱ्यासाठी आणलेलं तागाचं कापड त्यांनी स्वतः तिच्यावर पसरलं. काडी पुसली आणि जिथनं निघाली होती तिथं ठेवली.

"ताई," त्या म्हणाल्या, "माफ करा हं. अडतीस वर्षं डोक्याशी कटकट केली. सासूच्या चुगल्या पण सांगितल्या तुम्हाला. तुम्ही म्हणाला नाहीत एकदा, की बाई गं, चुकीच्या दारात आलीस."

मुकादमानं दुसरीकडे बघत नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहन झालं. मी आजींना बसवर सोडायला गेलो. त्यांनी जायची दोन तिकिटं काढलेली होती, आधीपासूनच. खिडकीकडच्या सीटवर राखेचं मडकं ठेवलं, त्याला पट्टा लावला, आपण इकडच्या बाजूला बसल्या. मी काचेतनं बघत होतो. बस सुटेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे तोंड करून काही म्हटलं नाही. हात तेवढा मडक्यावर ठेवला होता, अनोळखी माणसाच्या पोराला सांभाळायला घ्यावं तसा.

त्यानंतर फोन नाही. मला आधी वाटलं बरं झालं, त्यांचं काम झालं. मग महिना फिरला आणि माझी गाडी आपोआप त्या डोंगराकडे वळली. वर जाऊन बसलो. गवत कापलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पानगळीला कंपनीची माणसं आली. झाडं गेली, तो पाइनही गेला. मुकादमाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्या बाईची काडी तिच्या मडक्यालाच बांध. तो म्हणाला, "तू आणि ती म्हातारी, दोघांचं डोकं ठिकाणावर नाही." पण बांधली. आता डोंगरावर काळ्या काचा आहेत. उन्हात लांबनं तळं असल्यासारखं दिसतं.

नव्या वर्षाच्या आधी, बर्फ पडलेला असताना, फोन आला.

"हान्सोल, जेवलास का?"

"हो आजी. तुम्ही?"

"जेवले. कप्पा छान आहे. दिवे आहेत आत. आठवड्यातनं एकदा जाते." मग श्वास. "याच्याशी बोलता येत नाही रे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हा अजून अठ्ठाविशीचाच आहे. माझ्या पोरापेक्षा लहान. समोर उभी राहते, म्हणते लिफ्ट बंद होती. मग वाटतं, याला लिफ्ट म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, याच्या वेळी आम्ही एका खोलीत राहायचो. मुलगा ऑस्ट्रेलियात म्हटलं, तर मुलगा कोण, ऑस्ट्रेलियात का, कुणी पाठवला. कुठनं सुरुवात करू? संपायच्या आधी मीच मरेन. तो बिचारा गोदीवर डबा कोण देणार एवढंच विचारायचा." मग म्हणाल्या, "चांगला होता. पण ओळख नाही राहिली."

"त्या बाई आहेत आजी," मी म्हटलं. "जिल्ह्याच्या दहनगृहामागं खोली आहे. मी बघून ठेवलंय."



"किती दिवस ठेवतात?"

"काही वर्षं ठेवतात. मग सगळ्यांची एकत्र करतात."

"काही वर्षं ना," आजी म्हणाल्या. "मला तेवढी बास."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या कारकुनानं चावी देताना विचारलं, नातं काय. मी म्हटलं, गवतवाला. त्यानं एकदा बघितलं आणि दिली. त्याला काय, आत चोरण्यासारखं काय असतं.

खोलीत लोखंडी मांडण्या आणि पांढरी मडकी. प्रत्येकावर डोंगराचं नाव, पुढं 'अज्ञात'. थंडीनं श्वास दिसत होता. काडी लांबनंच दिसली. मी तिच्यासमोर फोन मांडणीला टेकवून उभा केला आणि आवाज मोठा केला.

"लावला आजी."

"दिसत नाहीत."

"थोडा वाकडा करतो. आता?"

"हां. आता." आणि मग आवाज बदललाच एकदम, सहा वर्षं ऐकला होता तो. "ताई, मी सुनिम. चौदाव्या मजल्यावरची. काय सांगू तुम्हाला, तो माणूस सापडला, पण ऐका तर खरं..."

मी बाहेर आलो. दार पूर्ण लागत नव्हतं. सिगरेट काढली, पण पेटवली नाही. आत त्या बोलत होत्या, एक संपलं की दुसरं, मधेच हसल्या. डोंगरावर फोनवर बोलताना त्या कधी हसल्याचं मला आठवत नाही.

बऱ्याच वेळानं आतनं आवाज आला, "झाल्या गप्पा. ठेवते. हान्सोल, पुढच्या महिन्यात?"

"येतो आजी."

फोन उचलायला आत गेलो. स्क्रीन काळी झाली होती. उचलला, खिशात घातला. काडीवर धूळ होती, बाहीनं पुसली. निघायचं होतं. खोलीवर जाऊन दुकानातला डबा गरम करून खायचा, एवढंच काम होतं.

दार लोटून घेतलं आणि खाली बसलो, फरशीवर. फरशी बर्फासारखी.

"मी हान्सोल," मी म्हटलं. "गवत कापायला यायचो तो."

पुढं काय बोलायचं ते सुचेना. मग म्हटलं, "माझी आई होती एक," आणि सांगायला लागलो.